भिंतीवरची फळी, बुकशेल्फ स्पीकर आणि तानपुऱ्याची खोटी जवारी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. हॉलच्या भिंतीवर ४ फूट लांब, १० इंच रुंद, १८ मिमी प्लायची फळी. दोन टोकांना दोन ब्रॅकेट. तिच्यावर सव्वापाच इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर, प्रत्येकी ६ किलो. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन आणि तबला. डग्गा घुमतो, तानपुरा सुरू झाला की कुठूनतरी बारीक झणझण येते, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली असल्यामुळे त्यांची तक्रार आहे. उपाय म्हणून वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते जाड रबरी पॅड तुम्ही स्पीकरखाली सरकवलेत. फरक पडला नाहीच, उलट डग्गा आणखी घुमतोय असं वाटतं.

ते नुसतं वाटणं नाही. खरंच तसं झालं असण्याची शक्यता खूप आहे. गेली बावीस वर्षं मी घरोघरी स्पीकर बसवून देतोय आणि भिंतीवरच्या फळीच्या तक्रारीत हे पॅड जवळजवळ दर वेळी भेटतात. पॅड वाईट नसतात. ते त्या वजनासाठी बनवलेले नसतात, एवढंच. त्याकडे येतोच, पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल: तुम्हाला जे ऐकू येतंय ते फळीचं आहे की भिंतीचं? दोन्हीला आपण 'व्हायब्रेशन' म्हणतो, पण औषध वेगळं आहे.

वूफरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे ढकलला जातो तेव्हा स्पीकरची पेटी तितक्याच जोरानं मागे ढकलली जाते. सव्वापाच इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १२ ग्रॅम धरा, पेटी ६ किलो. म्हणजे वजनाचं प्रमाण एकास पाचशे. कोन ३ मिमी हलला तर पेटी मोकळी असताना ०.००६ मिमी हलेल, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. इतक्या बारीक हालचालीनं काय होणार, असं वाटेल. पण तुमच्या फळीचं क्षेत्रफळ त्या वूफरच्या कोनाच्या सुमारे ३५ पट आहे. इतका मोठा सपाट पृष्ठभाग किंचितसा हलला तरी तो आवाज करतो, आणि फळीचा स्वतःचा एक आवडता सूर असतो. तो सूर लागला की ती किंचित न हलता कितीतरी पट जास्त हलते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि तबलीवर आपण जे मुद्दाम घडवतो, ते इथे नको त्या ठिकाणी घडतं.

दुसरी गोष्ट भिंतीची. खालचे सूर स्पीकरमधून चहूबाजूंना पसरतात. पाठीशी भिंत असली की मागे गेलेला आवाजही पुढे येऊन मिळतो आणि खर्ज ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. यात फळीच्या थरथरीचा काहीही संबंध नाही. स्पीकर दोरीनं हवेत टांगला तरी हे होणार. कितीही महागडा पॅड ठेवलात तरी हे कमी होणार नाही.

तर आधी निदान. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही साधं अॅप घ्या, स्पीकरला जोडा, आवाज हळू ठेवा आणि ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. (हळूच ठेवा. अखंड सूर गाण्यापेक्षा वूफरला जास्त तापवतो.) कुठल्या आकड्याला घुमतं आणि कुठल्या आकड्याला झणझणतं ते कागदावर लिहा. मग घरातल्या कुणालातरी तो स्पीकर दोन्ही हातांनी फळीपासून इंचभर वर, त्याच जागी धरून उभं करा आणि तोच सूर पुन्हा लावा. घुमणं गेलं तर दोष फळीचा. तसंच राहिलं तर दोष भिंतीच्या सान्निध्याचा. थोडं कमी झालं तर दोन्ही; बहुतेक घरांत हेच उत्तर येतं. या चाचणीला एक पैसा लागत नाही आणि तिनं लोकांचे हजारो रुपये वाचताना मी पाहिले आहेत. अजून बारकाईनं पाहायचं असेल तर साधा स्टेथोस्कोप फळीवर ठिकठिकाणी टेकवा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत अॅपही आहे. त्यात फोन फळीवर ठेवला की कंपनाचा आलेख दिसतो. फोनमधला सेन्सर वरच्या सुरांना पुरा पडत नाही, पण पॅड ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर काय बदललं एवढं पाहायला चालतं.

आता तानपुऱ्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा मला तो वाटला. सिनेसंगीतात बास गिटारचा सूर सतत बदलत असतो. फळीचा आवडता सूर आला तर क्षणभर घुमतो आणि पुढे जातो. ख्यालात तसं नाही. गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल तर मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा तिथेच, पंचमाची तार १०४ आणि खर्जाची ६९. हे तीन सूर गाणं संपेपर्यंत, चाळीस-पन्नास मिनिटं, अखंड वाजत राहतात. तुमच्या फळीचा सूर योगायोगानं त्यातल्या एकाच्या जवळ असला तर ती सबंध मैफिलभर छेडली जाते. म्हणून मी नेहमी विचारतो, की एका गायकाच्या ध्वनिमुद्रणाला झणझण येते आणि दुसऱ्याच्या येत नाही, असं होतं का? काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला काही त्रास नसेल आणि काळी एकच्या गायकाला असेल, तर ध्वनिमुद्रण, अॅम्प्लिफायर, वायर या सगळ्यांना निर्दोष सोडून द्या आणि फळीकडे वळा.

यात आणखी एक फसवणूक दडलेली आहे. जवारी म्हणजे काय, तर तार घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर हलकेच टेकत-सुटत राहते आणि त्यातून वरच्या सुरांची झळाळी उठते. ब्रॅकेट आणि फळी यांच्यामध्ये एखादा स्क्रू सैल असेल, तर तिथेही नेमकं टेकणं-सुटणंच चालू असतं. त्यामुळे तो आवाज कानाला 'बिघाड' म्हणून कळत नाही, तानपुऱ्याचाच भाग वाटतो, फक्त जरा कर्कश. डोंबिवलीतल्या एका गृहस्थांनी या कर्कशपणापायी आधी वायर बदलल्या, मग अॅम्प्लिफायर बदलला. मी गेलो तेव्हा फळीखालचा एक स्क्रू निम्माच आवळलेला निघाला. आवळला, आणि तानपुरा तानपुऱ्यासारखा वाजू लागला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण तीन वर्षं ते आपलं आवडतं गाणं टाळत होते. तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेलो की पहिल्यांदा खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतो.

तेव्हा तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. फळीवरचं सगळं खाली उतरवा: फोटोफ्रेम, पितळी समई, पुस्तकं, शोभेच्या वस्तू. ब्रॅकेटचे सगळे स्क्रू आवळा. फळीची मागची कड भिंतीला जिथे अर्धवट टेकते तिथे ती गिलाव्यावर खडखडते. त्या फटीत सिलिकॉन किंवा अॅक्रिलिक सीलंटची एक सलग रेघ भरा. स्पीकरच्या वायरी मागे भिंतीवर आपटत असतील तर त्यांना सैल वळसा देऊन बांधून टाका. मग तोच हळूहळू चढणारा सूर पुन्हा लावा आणि खोलीभर फिरा. काचेच्या शोकेसची दारं, स्लायडिंग खिडकीच्या काचा, स्विचबोर्डची सैल पट्टी, पंख्याची टोपी, सगळीकडे बोट टेकवून पाहा. बोट ठेवल्यावर जो आवाज बंद होतो तो त्याच वस्तूचा. फेल्टची छोटी टिकली, रबरी बूच, चिमूटभर ब्लू-टॅक (मळून चिकटवता येणारी पुटी) एवढ्यात तो प्रश्न मिटतो. स्पीकरची स्वतःची जाळी काढून पाहायला विसरू नका. जाळीच्या खुंट्या सैल झाल्या की अगदी असाच आवाज येतो.

आता फळी. इथे मी जरा आग्रही आहे, कारण सगळे लोक पॅडपासून सुरुवात करतात आणि माझ्या अनुभवात क्रम उलटा हवा. पॅड हे स्प्रिंगसारखं काम करतं. स्प्रिंगखालची जमीन घट्ट असेल तरच स्प्रिंगचा उपयोग. खाली फळीच स्प्रिंगसारखी लवत असेल तर मऊवर मऊ ठेवल्यासारखं होतं. स्पीकर आणि फळी मिळून डुलायला लागतात. माझा ठोकताळा असा आहे, की स्पीकर ठेवल्यावर पॅड जितकं दबतं त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त फळी वाकता कामा नये.

तुमची फळी दोन टोकांच्या ब्रॅकेटवर आहे. मधला जवळजवळ साडेतीन फुटांचा पट्टा मोकळा, आणि स्पीकर बहुधा टोकांपासून थोडे आत. सगळ्यात मोठा फायदा देणारा बदल म्हणजे ब्रॅकेट थेट प्रत्येक स्पीकरच्या खाली आणणं, आणि मध्ये तिसरा देणं. फळीचा वाक हा तिच्या मोकळ्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. मोकळा पट्टा निम्मा केला की त्याच वजनाखाली वाक आठव्या हिश्श्यावर येतो. जाडीचंही तसंच आहे, फक्त उलट्या दिशेनं: १८ मिमीवर आणखी एक १८ मिमी प्लाय फेव्हिकॉल लावून, स्क्रूनं दाबून चिकटवला, तर ताठपणा आठपट होतो. सुताराचं एका दुपारचं काम आहे. समोरच्या कडेला दीड-दोन इंच उंचीची सागवानी पट्टी उभी मारली तर लांबीच्या दिशेनं आणखी ताठ होते, दिसायलाही फळी भारदस्त दिसते.

ब्रॅकेट कसा, हेही महत्त्वाचं. खाली तिरकस आधार असलेला, भिंतीवरची पट्टी निदान ८ इंच लांब असलेला त्रिकोणी ब्रॅकेट घ्या. नुसता काटकोनी एल ब्रॅकेट टोकाला लवतो. आणि आतून सळया घालून बसवतात त्या 'फ्लोटिंग' फळ्या, ज्यांना खालून काहीच दिसत नाही, त्या स्पीकरसाठी मी कधीच सुचवत नाही. दिसतात सुंदर. पण सगळा भार दोन-तीन सळयांच्या मुळाशी येतो, आणि फळी पोहण्याच्या तलावावरच्या उडी मारायच्या फळीसारखी वागते.

भिंत कसली आहे त्याप्रमाणे पकड बदलते. विटांच्या भिंतीत नायलॉनची गिट्टी आणि निदान ५० मिमीचा स्क्रू पुरतो, पण गिट्टी गिलाव्यात नाही तर विटेत गेली पाहिजे. गिलावाच कधीकधी २०-२५ मिमी असतो. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी काही महिन्यांनी सैल होते आणि मग तीच झणझण परत येते; तिथे हलक्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब अँकरच वापरा. नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. पकड उत्तम बसते, पण अशी भिंत कंपन दूरवर आणि मजलोमजली नेते. तिथे पुढे सांगतोय ते पॅडचं काम अधिकच काळजीनं करावं लागतं. जिप्सम बोर्डाच्या पोकळ पार्टिशनवर मात्र स्पीकर लावूच नका. बोर्ड स्वतःच ढोलाच्या पानासारखा वाजतो आणि त्यावर कुठलाही समाधानकारक इलाज मला सापडलेला नाही.

आता पॅड, आणि तुमचे पॅड उलटे का पडले ते. कुठल्याही मऊ आधारावर वस्तू ठेवली की ती दोघं मिळून एका ठरावीक सुराला डुलतात. त्या सुराच्या बऱ्याच वरचं कंपन पॅड अडवतं. त्या सुराच्या आसपासचं कंपन मात्र ते वाढवतं. अडवणूक सुरू होते ती त्या सुराच्या साधारण १.४ पटीच्या पुढे. आणि तो सूर कुठे बसेल हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही: वजनाखाली पॅड किती मिलिमीटर दबतं ते मोजा, त्याचं वर्गमूळ घ्या, १६ ला त्यानं भागा. पॅड १ मिमी दबलं तर १६ हर्ट्झ. २ मिमी दबलं तर ११. ४ मिमी दबलं तर ८.

तुमचं पॅड किती दबलं? भरलेलं वॉशिंग मशीन ७०-८० किलोचं. एका पायाखालच्या पॅडवर १७ ते २० किलो येतात आणि त्या भाराला ते नीट दबावं असं बनवलेलं असतं. तुमच्या स्पीकरच्या एका कोपऱ्यात येतात दीड किलो. पॅड दबलं असेल फार तर ०.१ मिमी. गणित करा: सुमारे ५० हर्ट्झ. त्यातून रबर जलद कंपनाला आणखी ताठ वागतं, म्हणजे प्रत्यक्षात ६० च्या घरात. त्याच्या १.४ पट म्हणजे ८५ हर्ट्झपर्यंत तुमचं पॅड कंपन अडवत नव्हतं, उलट फळीला जास्त देत होतं. आणि डग्ग्याची गमक, ती मनगट दाबून काढलेली घिस्स, बरीचशी याच पट्ट्यात राहते. म्हणून डग्गा आणखी घुमला.

आपल्याला हवा आहे १० ते १५ हर्ट्झचा सूर. सव्वापाच इंची वूफर ४५-५० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवत नाही, त्यामुळे ते सगळं पॅडच्या अडवणुकीच्या पट्ट्यात येतं. सूर १५ वर बसवला तर ५० हर्ट्झला फळीपर्यंत पोचणारा जोर कागदावर दहाव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आला तरी मी समाधानी असतो.

यासाठी प्रत्येक कोपऱ्यातलं पॅड वजनाखाली १ ते २ मिमी दबायला हवं, पण आपल्या जाडीच्या १५-२० टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे १२ मिमीच्या आसपास जाडीचं, मऊ पॅड. दबणं मोजायला स्टीलची पट्टी घेऊन स्पीकर ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर फळीपासून स्पीकरच्या बुडापर्यंतची उंची पाहा. पॅड ताठ निघालं तर टाकून देऊ नका, कापून लहान करा. पृष्ठभाग निम्मा केला की दबणं साधारण दुप्पट. तुमचे वॉशिंग मशीनचे पॅडही धारदार कटरनं दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकोनात कापून पाहण्यासारखे आहेत. आहे त्या वस्तूत प्रयोग होतो.

कुठला पदार्थ? सॉर्बोथेन या मऊ, रबरासारख्या पदार्थाच्या अर्धगोल टिकल्या मला सगळ्यात भरवशाच्या वाटतात, कारण त्या स्प्रिंगही आहेत आणि कंपन जिरवणाऱ्याही. वेगवेगळ्या कडकपणात मिळतात; विक्रेत्याला स्पीकरचं वजन सांगूनच घ्या. पॉलिश केलेल्या लाकडावर त्या डाग पाडतात, म्हणून मध्ये पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे छोटे स्टँडही चांगलं काम करतात, फक्त तुमच्या स्पीकरचं वजन त्यांच्या दिलेल्या मर्यादेत बसतंय ना ते पाहा. स्वस्तात करायचं तर निओप्रीनचं मऊ, छिद्रयुक्त रबर. पॅकिंगमधला पांढरा ईपीई फोम पहिल्या दिवशी छान वाटतो, काही महिन्यांत दबून चपटा होतो. आणि साधा पीयू फोम आपल्याकडच्या दमट हवेत टिकत नाही. मुंबईत जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड हाताला लागताच चुरा होते, ती याच कारणानं. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ राहत असाल तर पीयू फोमच्या वाटेला जाऊ नका.

स्पीकरखाली लावायचे टोकदार धातूचे पाय, म्हणजे स्पाइक, भिंतीवरच्या फळीवर वापरू नका. स्पाइक स्पीकरला खालच्या पृष्ठभागाशी घट्ट जखडतो. खाली दगडी फरशी असेल तर त्यात अर्थ आहे. खाली फळी असेल तर सगळा धक्का तुम्ही फळीत ठोकून देता.

आता माझा आवडता उपाय, जो आपल्याकडे जितका सहज होतो तितका कुठेच होत नसेल. ओट्याच्या कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा. फरशीच्या कुठल्याही दुकानामागे असे तुकडे पडलेले असतात. २५ बाय ३० सेंटिमीटरचा, २० मिमी जाडीचा कडप्पा साधारण ४ किलो भरतो. कडा घासून घ्या. खाली चार मऊ पॅड, त्यावर कडप्पा, आणि कडप्प्यावर स्पीकर चार कोपऱ्यांत ब्लू-टॅकच्या पातळ टिकल्यांनी पक्का बसवलेला. होतं काय, तर स्पीकर आणि दगड मिळून १० किलोची एकच वस्तू बनते. तोच वूफर आता ६ ऐवजी १० किलोला हलवायला बघतो, त्यामुळे पेटी कमी हलते. आणि वजन वाढल्यानं पॅडही नीट दबतात. दाराबाहेर पडलेला दगडाचा तुकडा आणि सॉर्बोथेनच्या आठ टिकल्या, एवढ्यावर मी अनेक घरांतला प्रश्न सोडवला आहे. फळीवर एकूण २० किलो येतील, म्हणून वर सांगितलेलं ब्रॅकेटचं काम आधी. तो क्रम चुकवू नका.

बसवल्यावर स्पीकरला वरून एका बोटानं मागे-पुढे हलकेच ढकला. एक-दोन हेलकावे घेऊन थांबला पाहिजे. डुलतच राहिला तर पॅड फार मऊ आहेत किंवा फार आत ठेवलेत, कोपऱ्यांकडे सरकवा. आणि मऊ आधारावरचा स्पीकर उंचावरून खाली येऊ शकतो, हे घरात लहान मूल असेल तर क्षणभरही विसरू नका. पेटीच्या मागे एक छोटा हूक, भिंतीत एक हूक, मध्ये किंचित सैल नायलॉनची दोरी. दोरी ताणून बांधली तर पॅडचं सगळं काम तिच्या वाटेनं भिंतीत जाईल, म्हणून सैल.

एवढं करूनही हातात धरून केलेल्या चाचणीत घुमणं राहत होतं, तर तो भिंतीचा हिस्सा. तो पॅडनं जाणार नाही. स्पीकरला मागच्या बाजूनं पोर्ट (हवा ये-जा करायचं गोल भोक) असेल तर त्यात फोमचं बूच घालून ऐका. अनेक कंपन्या ते खोक्यातच देतात आणि लोक फेकून देतात. नसेल तर जाड पायमोजा गुंडाळून घाला, प्रयोगापुरता तोही चालतो. खर्ज आटोपशीर होतो आणि डग्ग्याचे बोल सुटे ऐकू येतात. अॅम्प्लिफायर किंवा स्ट्रीमरमध्ये टोन बदलायची सोय असेल तर १०० हर्ट्झखाली ३-४ डेसिबल उतरवा, आणि ४५-५० च्या खालचं सरळ कापा. पोर्टवाला वूफर पोर्टच्या सुराखाली हवेचा आधार सुटल्यानं नुसताच फडफडतो. आवाज देत नाही, पेटी मात्र हलवतो. ते कापल्यानं संगीतातलं जवळजवळ काहीच जात नाही.

तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे का, ते प्रश्नात नाही. असेल तर तो या फळीवर ठेवू नका, शेजारीही नको. फळीची थरथर सुईत शिरते, सुईतून अॅम्प्लिफायरमध्ये, तिथून पुन्हा फळीत, आणि हे चक्र एका क्षणी हंबरडा फोडतं. शिवाय वाकड्या झालेल्या तबकडीमुळे वूफर अगदी मंद गतीनं, सेकंदाला काही वेळा, पुढे-मागे होत राहतो. आपल्या मऊ पॅडचा सूर नेमका त्याच्याजवळ येतो, त्यामुळे रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी वर सांगितल्याप्रमाणे ४५-५० हर्ट्झखालचे सूर कापणं टाळू नये.

शेजाऱ्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. फळी आणि पॅड मिळून भिंतीत ठोकला जाणारा धक्का कमी करतील, आणि शेजाऱ्यांना जे 'धप धप' जाणवतं त्यातला मोठा भाग तोच असतो. पण हवेतून भिंतीवर आदळणारा आवाज वेगळा. चार इंची विटेची भिंत वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, खालचे नाही. त्यावर मला दोनच खरे उपाय माहीत आहेत. एक, स्पीकर त्या भिंतीवरून काढून समोरच्या, स्वतःच्या घरातल्या भिंतीशी, धुऊन वाळवलेली वाळू भरलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवणं. जागा असेल तर मी हेच सांगेन, फळी कितीही चांगली केलीत तरी. दुसरा, जवळ बसणं. स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलंत तर थेट कानावर येणारा आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो, म्हणजे तितकाच आवाज खाली ठेवून तेवढंच ऐकू येतं. रात्री दहानंतर खुर्ची पुढे ओढून ऐकायची सवय लावून घ्या. तानपुऱ्याच्या तारा सुट्या-सुट्या ऐकायला तसंही जवळून जास्त आनंद मिळतो.

आणि सगळं बसवून झालं की एका संध्याकाळी शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या त्या खोलीत, त्यांच्या पलंगावर जाऊन बसा. घरातल्या कुणाला डग्ग्याचा एकच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगा आणि फोनवरून आवाज हळूहळू वाढवायला सांगा. जिथे तुम्हाला तो पहिल्यांदा जाणवेल तिथे थांबवा, घरी येऊन अॅम्प्लिफायरच्या नॉबवर पेन्सिलीनं बारीक खूण करा. शेजाऱ्यांनाही ती खूण दाखवून ठेवा.